कोरडा पायथा

खुंटी

"तात्यांचा रेनकोट कुठे गेला?"

दादाने दारातून आत पाऊल टाकलं ते हा प्रश्न घेऊनच. बॅग अजून खांद्यावर, बूट अजून पायात, बहिणीला कशी आहेस हे विचारायचं राहिलेलं, आणि नजर मात्र दारामागच्या खुंटीवर. खुंटी रिकामी होती. भिंतीवर कोटाच्या आकाराचा फिकट डाग तेवढा होता: खांदे, बाह्या, खाली रुंद होत गेलेला घेर.

"असेल कुठेतरी," ताई म्हणाली. "आधी बस तरी."

"कुठेतरी म्हणजे?"

"दादा, बूट काढ. आत्ताच पुसलंय मी."

दादा वयाने तिच्यापेक्षा मोठा, तरी तिला ताईच म्हणायचा. आईने धाकट्यासाठी लावलेली सवय थोरल्यालाही चिकटली होती. बूट काढताना तो पुन्हा खुंटीकडे बघत होता. तात्या, म्हणजे वडील, गेल्यावर त्याने या घरातून काही मागितलं नव्हतं; घड्याळ नाही, काठी नाही. मागच्या खेपेला जाताना त्या जाड, काळपट हिरव्या कोटाच्या बाहीवरून हात फिरवून एवढंच म्हणाला होता, "हा पुढे मला दे."

मागून नाना आला, धाकटा. लहानपणापासून म्हाताऱ्यासारखा बोलायचा म्हणून नाना. "ताई, रस्ता तोच, खड्डे मात्र नवीन केलेत," म्हणत त्याने ताईला मिठी मारली आणि मिठीतूनच चुलीवर काय आहे ते वाकून पाहिलं. मग वहिनी, दादाची बायको, हातात फळांची पिशवी. सगळ्यात शेवटी मुंगी, या दोघांची मुलगी. धरण-सुरक्षा खात्यात इंजिनियर असलेल्या, चष्मा लावणाऱ्या बाईला मुंगी म्हणणं शोभत नाही हे घरात सगळ्यांना कळत होतं. वेगळी हाक मारणं कुणालाच जमत नव्हतं.

"आत्या, वाळलीस तू," मुंगी म्हणाली.

"आणि तू भरलीस. हिशेब बरोबर."

सगळे जमले होते ते उद्यासाठी. तात्यांनी खालच्या वस्तीला हाताशी धरून उभं केलेलं हे मातीचं धरण. त्याची देखरेख आधी तात्यांकडे होती, मग ताईकडे. धरणाच्या पायथ्याशी या दोन खोल्या, त्यांत ताई एकटी. उद्या खात्याचा तपासनीस येणार होता. धरण पास झालं तर देखरेख घराकडे राहणार. नाही झालं, तर ती खात्याकडे जाणार आणि या दोन खोल्यांना कुलूप लागणार. मुंगीने हे धरण स्वतःहून एका सहकाऱ्याकडे सोपवलं होतं, घरचं म्हणून. आज ती नुसती भाची होती.

म्हणजे, तसं ठरलं होतं.

पायथा

जेवणाआधी सगळे धरणावर फेरी मारायला निघाले. महत्त्वाचं बोलणं उपाशीपोटी करायचं नाही, आणि जेवण होईपर्यंत नुसतं बसायचंही नाही, म्हणून धरणावर फेरी मारायची, ही तात्यांच्या वेळेपासूनची रीत.

माथ्यावरून दोघं जेमतेम शेजारी चालू शकत. एका हाताला पाणी, काठोकाठ नाही, पण सांडव्याच्या उंबऱ्याला टेकायला आलेलं. दुसऱ्या हाताला गवताचा उतार, आणि त्याच्या पलीकडे, खाली, वस्ती: डेअरीचं पत्र्याचं छप्पर, शाळेचं मैदान, वाळत घातलेल्या चादरी.

"ताई, तुझं धरण तुझ्यासारखंच आहे," नाना म्हणाला. "बुटकं, पण कुणाच्या बापाला हलत नाही."

"बाप एकच होता," दादा म्हणाला. "तो रोज हलवून बघायचा."

खाली पायथ्याशी दगडांच्या रांगेतून एक नळी बाहेर आलेली होती, आणि नळीखाली दगडी कुंडी. ताईला आठवतं तेव्हापासून त्या नळीतून बोटभर धार कुंडीत पडत आली होती. घरात तिला पाझर म्हणत. धार ताईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पडायची, दिवस-रात्र, सगळ्या ऋतूंत, कधी जरा जाड, कधी जरा बारीक.

आज कुंडी कोरडी होती.

"अरे!" नानाने टाळी वाजवली. "थांबला की! गळती बंद!" त्याने लगेच मोबाइल काढून कुंडीचा फोटो घेतला, मग कुंडीसोबत स्वतःचा.

"हे बरं झालं," दादा म्हणाला. त्याचा चेहरा आल्यापासून पहिल्यांदा सैल पडला. "मागच्या वेळी त्या साहेबाने याच्याकडेच बोट दाखवलं होतं."

"माती आपली आपण बसली असेल," वहिनी म्हणाल्या. "घरातल्या नळाचंही होतं कधीकधी असं."

"आपल्या घरातल्या नळाचं कधी झालंय?"

"तेच म्हणतेय. कधीतरी व्हावं."

मुंगी एकटी हसली नाही. ती कुंडीपाशी उकिडवी बसली, काठावरच्या शेवाळावरून तिने नख फिरवलं. शेवाळ वाळून पापुद्र्यासारखं सुटून आलं.

"आत्या, हा कधी थांबला?"

"लक्ष नाही गेलं गं."

मुंगीने मान वर केली. "तुझं लक्ष नाही गेलं?"

शाळेच्या सुट्ट्यांत मुंगी इथे राहायला यायची. पहिल्या रात्री तिला त्या आवाजाने झोप यायची नाही. परत गेल्यावर त्या आवाजावाचून यायची नाही. तेव्हा अंधारात ताईने तिला सांगितलं होतं, "तो बोलतो रात्रभर. आपण उत्तर द्यायचं नाही. मधूनमधून नुसतं हं म्हणायचं, म्हणजे त्याला बरं वाटतं." आणि दोघी शेजारी पडून हं हं करत झोपी जायच्या.

"वय झालं," ताई म्हणाली, आणि जेवणाचं बघायला वळली.

तेच, दोन प्रकारे

ताई सांगेल तर ते असं असेल:

मागच्या तपासणीला साहेब म्हणाले, बाई, या पाझरावर लक्ष ठेवा. नाना फोनवर म्हणाला, गळकं धरण कोण ठेवतं, एक दिवस मोडीत काढतील, मग तू कुठे जाशील? दादा म्हणाला, आमच्याकडे ये ना, खोली रिकामीच आहे. सगळे चांगलंच बोलले. मी एक गोष्ट दुरुस्त केली.

घडलं ते असं:

एका सकाळी तिने खुंटीवरून कोट काढला. घरात त्याच्याएवढं जाड आणि पाण्याला दाद न देणारं दुसरं काही नव्हतं. चिकण माती कालवली, कोटाची वळकटी केली, मातीने माखली आणि नळीत सारली. मग फावड्याच्या दांड्याने रेटत रेटत जाईल तेवढी आत नेली. एक बाही बाहेर राहत होती. झोपलेल्या मुलाचा हात पांघरुणात घ्यावा तशी तिने ती आत घेतली आणि वरून माती दाबली.

धार बारीक झाली, थेंब झाले, थेंबही संपले.

ती आत आली. चहा केला, खुर्चीवर बसली. पहिल्या घोटाला तिने दचकून मागे पाहिलं. कुणीतरी चहा पीत होतं. तीच होती. घोट गिळल्याचा आवाज एवढा मोठा असतो हे तिला कधी कळलं नव्हतं. होईल सवय, तिला वाटलं. झाली नाही. त्यानंतर ती झोपायला जायची तेव्हा घर तिच्याकडे बघत बसायचं, आणि घराला सांगायला काही नसायचं.

आता यात चूक कुणाची, हे या घराण्याबाहेरच्या माणसाला समजणं अवघड आहे. तात्या गळणाऱ्या प्रत्येक गोष्टीचे वैरी होते. छप्पर, बादल्या, होडी, बंब: काहीही ठिबकलं की तात्या गुडघ्यावर बसून ते बुजवत, आणि पाहुण्यांना सांगत, "आमच्याकडे काही गळत नाही." आई गेली त्या दिवशीही त्यांनी तिन्ही मुलांना ओळीत उभं करून तेच सांगितलं होतं, फक्त आवाज जरा बारीक होता. बुजवणं म्हणजे माया, हे ही मुलं बोलायच्या आधी शिकली.

फक्त पायथ्याच्या त्या एका नळीला तात्यांनी कधी हात लावला नव्हता. का, ते त्यांनी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. बुजवलेल्या गोष्टींचं कारण या घरात सगळ्यांना ठाऊक असायचं. उघड्या ठेवलेल्या गोष्टींचं कुणालाच नाही.

खुर्च्या

खुर्च्या दोनच. एकीवर दादा, थोरला म्हणून. दुसरीवर वहिनी, गुडघे दुखतात म्हणून. नाना ट्रंकेवर, ताईच्या बाजूला. ताईसाठी स्टूल, पण ती वाढत उभीच होती. मुंगीचं ताट झाकून ठेवलेलं. ती "आलेच" म्हणून परत उतारावर गेली होती.

"हे बघ," दादाने सुरुवात केली, "देखरेख खात्याला देऊन टाकू. तात्यांनी केली, ताईने केली. पुरे झालं की."

"कशाला द्यायची?" ट्रंक करकरली. "पाझर बंद झालाय, उद्या पास होणार. मी तर म्हणतो दोन होड्या ठेवू, सुट्टीच्या दिवशी लोक येतील."

"तुझ्या होड्या! मागे मधमाश्या होत्या. त्याच्याआधी ससे."

"ससे चांगले होते."

"ससे पळाले, नाना."

"पळाले म्हणजे तब्येतीने चांगलेच होते ना!"

दादालासुद्धा हसू आवरलं नाही. हसताना तिघांचे खांदे सारखेच हलतात हे ताईने वाढता वाढता पाहिलं, आणि आपलेही हलतायत हे तिला जरा उशिरा कळलं.

"होड्या राहू दे," दादा म्हणाला. "ताईचं बोल. आज ना उद्या तिला इथून हलवावंच लागेल. चार महिने आमच्याकडे, चार तुझ्याकडे."

"आणि उरलेले चार?"

"मुंगीकडे."

"मुंगीला विचारलंस?"

"ताईंना विचारलंत?" वहिनी म्हणाल्या.

सगळे ताईकडे वळले. तिच्या हातात डाव होता. आपल्याला काहीतरी बोलायचं आहे हे तिला कळत होतं, पण वर्षभराचे तीन तुकडे होऊन ताटांत पडत होते आणि ती नुसती कुणाला काय हवंय ते बघत होती.

"आमच्याकडची ती आतली खोली त्यांना आवडायची नाही," वहिनी ताटाकडे बघत म्हणाल्या. "खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. मला नाही आवडत तिथे, त्यांना काय आवडणार?"

ही काळजी की नकार, ताईला कळेना. इतक्या वर्षांत वहिनींचं तिला कधीच नीट कळलं नव्हतं. दोघी एकमेकींशी इतक्या सांभाळून वागत आल्या होत्या की भांडण कधी झालंच नाही, आणि ओळखही.

नाना ट्रंकेवरून उठला आणि पाण्याचा तांब्या घेण्याच्या निमित्ताने दादाच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. घरात बाजू बदलायची ही त्याची जुनी तऱ्हा. "दादा, असं करू. होड्या नाहीत, नुसता शब्द दे. उद्या पास झालं तर ताईला राहू दे इथेच. तिचा जीव इथे आहे. काय गळत नाही, काय पडत नाही, मग आपण का तिला उपटून न्यायची?"

दादाने ताटातला शेवटचा घास उगाच गोळा केला. बराच वेळ.

"ठीक आहे," तो म्हणाला. "उद्या पास झालं तर राहू दे. मी परत विषय काढणार नाही. जोवर तिला जमतंय तोवर राहू दे."

झालं. एवढंच हवं होतं. ताईने डाव भांड्यात ठेवला आणि स्टुलावर बसली. एका कोटात घर वाचलं होतं. मग आनंद होण्याची ती वाट बघू लागली.

उतार

मुंगी दारात उभी होती. बूट घोट्यापर्यंत चिखलाने भरलेले.

"बूट बाहेर," दादा म्हणाला. "ताईने पुसलंय."

"बाबा, हा चिखल उतारावरचा आहे. मधल्या उतारावरचा. तिथे कधीच ओल नसते. आत्ता पाय रुततोय."

"मग? पाझर तिथून निघाला असेल," नाना म्हणाला. "खाली थांबला, वर निघाला. खोडकर आहे."

"काका, हसू नका." मुंगीने बूट काढलेच नाहीत. ती तशीच आत आली, पुसलेल्या फरशीवर पावलं उमटवत. "मातीचं धरण पाणी पितंच. प्यायलेलं पाणी बाहेर जावं म्हणून पायथ्याशी ती नळी मुद्दाम ठेवलेली असते. ती गळती नाही. माणसाची लघवी बंद झाली तर आपण टाळ्या वाजवून फोटो काढतो का?"

नानाने मोबाइल खिशात घातला.

"पाणी आत साठत गेलं, भिंतीत चढत गेलं. आता ते उतारावर आलंय. माती आतून मऊ झाली की उतार घसरतो. एकदम घसरतो. सांगून नाही."

"म्हणजे फुटेल?" वहिनींनी विचारलं.

"आज फुटेल की महिनाभर टिकेल, मी नाही सांगू शकत. म्हणून आत्ताच धरणाचा दरवाजा थोडा उघडायचा. थोडाच, एकदम पाणी उतरवलं तर आतली बाजू ढासळते. खालच्या वस्तीला कळवायचं. आणि उद्याच्या तपासणीत लिहिलं जाणार की निचरा आतून बंद झालाय."

"आणि मग?" हे ताईने विचारलं.

मुंगीने चष्मा काढून पुसला. "आतून नळी खचली असेल किंवा मुळं शिरली असतील, तर भिंत उकरावी लागते आत्या. एवढ्या जुन्या, एवढ्या लहान धरणासाठी कुणी नवी भिंत बांधत नाही. मधोमध कापतात आणि सोडून देतात. बाहेरून, तोंडाशी काही अडकलेलं असतं तर गोष्ट वेगळी होती. साफ केलं की झालं. पण नळीत टॉर्च मारून पाहिलं तर मला मातीच दिसली, दाबून बसलेली."

आता खुर्च्या रिकाम्या झाल्या. सगळे उभे होते.

"एक दिवस," नाना हळू आवाजात म्हणाला. "मी काय म्हणतो, एकच दिवस. त्या ओलीवर वाळलं गवत पसरू. उद्या तपासणी होऊन जाऊ दे, मग परवा आपणच दरवाजा उघडू. धरणही राहील, ताईही राहील."

ताईला वाटलं, दादा आता याच्यावर ओरडेल. दादाने खिडकीबाहेर पाहिलं. "एका दिवसाने काय होतंय," तो म्हणाला. दोघे भाऊ पहिल्यांदाच एका बाजूला आले होते, आणि तेही तिच्यासाठी.

"खाली शाळा आहे," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, आजच काही पडत नाही ते."

"तुम्हाला कुणी सांगितलं? ती शिकलेली आहे, तिला सांगता येत नाही, आणि तुमचे ससे—" वहिनींचा आवाज चढला आणि त्या स्वतःच थबकल्या.

जे कुणी बोललं नाही

(हे ताईने चेहऱ्यांवरून वाचलं. चुकलंही असेल.)

दादा: मी हिला नुसतं भेटायला म्हणून कधी आलोच नाही. निदान राहायला तरी देतो.

वहिनी: ही बाई काहीच का बोलत नाही?

मुंगी: शेवाळ एवढं वाळलंय. तुझं लक्ष गेलं नाही, असं होणारच नाही, आत्या.

नाना काहीच विचार करत नव्हता. तो खिडकीतून उताराकडे बघत होता, आणि त्याचा हात ताईच्या खांद्यावर होता.

ताई: गप्प राहिले तर हे दोघे मला इथे ठेवतील. खाली मुलं सुटतात तेव्हा त्यांचा आवाज इथवर येतो. आज आला नाही. की आला, आणि मीच ऐकला नाही?

कोट

"दादा," ताई म्हणाली, "तू सकाळी विचारत होतास ना. तात्यांचा रेनकोट."

"ते राहू दे आत्ता."

"तो नळीत आहे."

चुलीवरच्या भांड्याचं झाकण एकदा हललं. वहिनींनी ते उचलून बाजूला ठेवलं.

"अख्खा?" दादाने विचारलं.

"बाह्यांसकट."

नानाने तिच्या खांद्यावरचा हात काढला. मग काढल्याचं लक्षात येऊन परत ठेवला, पण तो आता वेगळा हात होता.

मुंगी स्टुलावर बसली. आधी तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, अगदी लख्ख. तिने ती लपवलीही नाही. "किती आत?"

"फावड्याचा दांडा जाईल तेवढा."

"बरोबर काय घातलंस? सिमेंट?"

"नाही गं. चिकण माती."

"बरं केलंस, बोललीस. धरण राहील, आत्या. बहुतेक राहील." तेवढं बोलून ती थांबली, आणि सुटका ओसरली. "पण हे मला सांगावं लागेल. त्या तपासनीसाला. आजच."

"सांग."

"देखरेख करणाऱ्यानेच निचरा बंद केला तर खातं त्या माणसाकडे देखरेख ठेवत नाही. तुला काय वाटेल म्हणून मी हे..." तिने शब्द शोधले. "त्याच्या जागी मी असते तरी ठेवली नसती."

"कळलं."

"आत्या—"

"मुंगे, तुझं ताट झाकून ठेवलंय. गार होतंय."

पण जेवायला वेळ नव्हता. दादा दरवाजाचं चाक फिरवायला वर गेला. मुंगी खालून हाताने खुणा करत होती: थोडं, अजून थोडं, बस. नाना वस्तीकडे पळाला. ज्याला लपवायचं होतं तोच ओरडायला सगळ्यात पुढे. थोड्या वेळाने शाळेची घंटा वाजली, अवेळी, लांबलचक. डेअरीवाले जनावरं वरच्या अंगाला हाकू लागले, आणि मुंगीचा सहकारी उद्याच्या ऐवजी आजच येऊन पोहोचला. तो भला माणूस होता. ताईशी बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

नळीच्या तोंडाशी वाळूची आणि खडीची पोती तयार ठेवली. भिंतीतली माती वाहून येऊ लागली तर लगेच लावायला. उन्हं कलताना मुंगी आणि तिच्या सहकाऱ्याने लांब आकड्याने माती उकरायला सुरुवात केली. आधी एक बाही आली. दादा पुढे झाला आणि नुसता उभा राहिला. मग कॉलर, मग पाठ, आणि मग एकदम सगळा कोट. त्याच्यामागून पाणी.

आधी तांबडं, गढूळ. मुंगीने स्टीलच्या ग्लासात धरलं, बघितलं, ओतलं. परत धरलं, परत ओतलं. मग पाणी फिकट झालं. मग मुंगीने ग्लास ताईपुढे केला, आणि ताईला ग्लासाचा तळ दिसला.

धार बारीक झाली आणि नेहमीच्या जाडीला आली. कुंडी भरली, आणि भरलेल्या कुंडीत धार पडल्याचा तो आवाज सुरू झाला. ताईला मधेच सोडलेलं वाक्य पुढे सुरू झाल्यासारखं वाटलं. तिने ओठ उघडले.

"चल ताई," दादा म्हणाला. "गाडीत बस. उतार सुकेपर्यंत इथे कुणी राहायचं नाही, असं सांगितलंय."

"पिशवी भरते."

"तुझ्या वहिनीने भरलीये."

कोट डिकीत होता, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. दादाने त्याला हात लावू दिला नव्हता कुणाला.

बादली

आतल्या खोलीची खिडकी उघडली की खरंच समोरच्या इमारतीची भिंत होती. ताईने ती एकदा उघडून पाहिली आणि वहिनींना "हवा छान येते" असं सांगितलं.

दादाने कोट बाथरूममध्ये टांगला, खाली बादली ठेवली. अस्तरात शिरलेलं पाणी बाहीच्या टोकाशी जमायचं, जड व्हायचं, पडायचं. टप्प. मग बऱ्याच वेळाने परत. ताई रात्री उशिरापर्यंत पलंगाच्या काठावर बसून होती, बाथरूमच्या बाजूला तोंड करून.

वहिनी दारात आल्या. "आवाज येतोय ना? बाथरूमचं दार लावू?"

"राहू दे."

वहिनी उभ्याच राहिल्या. त्यांना काहीतरी विचारायचं होतं. ते चेहऱ्यावर आलं, थोडा वेळ थांबलं. "काही लागलं तर हाक मारा," असं म्हणून त्या गेल्या. दार मात्र उघडं ठेवलं.

मुंगीचा फोन आला. उतारावरची ओल आता वाढत नाहीये, ती म्हणाली. पाझर व्यवस्थित आहे. खात्याचा माणूस दिवसातून एकदा येऊन बघून जाईल. "आत्या, ऐकतेस ना?" ताई ऐकत होती. मुंगीच्या मागे लांबून कुंडीचा आवाज येत होता. ती धरणावरूनच बोलत होती. आपण बोललो तर मुंगी फोन ठेवेल म्हणून ताई काही बोलली नाही, आणि काही बोलत नाही म्हणून मुंगीने ठेवला.

सकाळी दादा लवकर उठला. त्याने कोट उतरवला, बाल्कनीत नेऊन दोन्ही हातांनी पिळला, बाही न् बाही, खिसा न् खिसा. शिवणींत अडकलेली माती टूथब्रशने काढली. मग उन्हात सरळ करून टांगला आणि दर थोड्या वेळाने उलटा-सुलटा करत राहिला. इतक्या मायेने काही करताना ताईने त्याला लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. दुपारी तो कोट हातांवर घेऊन खोलीच्या दारात आला.

"बघ ताई," तो म्हणाला. "अगदी पहिल्यासारखा. एक थेंबही राहिला नाही."

ताईने कोटाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं.

"हं," ती म्हणाली.